घराचे वासे का फिरतात?

'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिवस पालटले म्हणजे जवळची माणसेही पाठ फिरवतात, असा तिचा अर्थ शाळेत सांगितला जातो आणि परीक्षेत तो लिहिला की गुणही मिळतात. परंतु ज्या कोणी ही म्हण प्रथम उच्चारली असेल, त्याने लाकडाचे वासे खरोखरच फिरताना पाहिले असले पाहिजेत, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कारण ओल्या लाकडाचा वासा छपरावर चढवला, तर तो सुकता सुकता पीळ खातो, रिपा उचलतो, कौले सरकवतो आणि नेमक्या आजारी माणसाच्या अंथरुणावर पाणी गळवतो. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. आमच्याच घरात पाहिले आहे.

आमचे गावचे घर कौलारू आहे. तीन वर्षांपूर्वी मागच्या पडवीचे सात वासे आणि मागील दाराची चौकट बदलावी लागली. वडिलांच्या फंडातून त्यासाठी पैसे काढले होते. म्हणजे ते पुन्हा उभे करता येण्यासारखे नव्हते. तालुक्याच्या गावी एका वखारीत जाऊन आम्ही लाकूड घेतले. 'सुका साग आहे, डोळे मिटून न्या', असे तेथे सांगण्यात आले, आणि आम्ही ते शब्दशः पाळले. पहिल्या पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकू लागले. फाल्गुनात तेच दार इतके आखडले की फटीतून करंगळी आरपार जाई. दुसऱ्या दिवाळीला चौकटीच्या पायाशी पिठासारखा बारीक भुसा दिसू लागला, आणि त्याच सुमारास पडवीचे दोन वासे पिळवटले. आजीची खोली त्याच पडवीला लागून आहे. आश्चर्य हे की पुढचे दार, जे पणजोबांच्या वेळचे आहे, ते आजही एका बोटाने लागते!

हा फरक कशामुळे पडला, याचा शोध घेताना जे समजले ते या लेखात मांडावयाचे आहे. 'घर पाहावे बांधून' असे म्हणतात. पण हल्ली बांधण्यापेक्षा दुरुस्तीचेच प्रसंग अधिक येतात. एखादे दार, एखादी खिडकी, माळ्याच्या चार फळ्या, एवढ्याच कामासाठी जो वखारीत जातो, तोच बहुधा फसतो. मोठ्या बांधकामाला जाणकार कंत्राटदार असतो. आपल्याबरोबर केवळ आपली घाई असते.

लाकूड आणि पाणी

आमच्या वाडीतल्या वृद्ध सुतारकाकांना बोलावले तेव्हा त्यांनी पिळलेल्या वाशावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाळा, झाड तोडलं म्हणजे ते मेलं असं तुला वाटतं. ते अजून पाणी पितं आणि टाकतं." सगळ्या विषयाचे सार या एका वाक्यात आहे.

उभ्या झाडाच्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळे भरलेले असते, तर काही पेशींच्या भिंतींत मुरलेले असते. झाड तोडल्यावर आधी मोकळे पाणी जाते. त्याने लाकूड हलके होते, पण त्याचा आकार बदलत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतके पाणी उरले, की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंतींतले पाणी निघू लागते. खरे आकुंचन येथून सुरू होते. म्हणजे अर्धवट सुकलेले लाकूड हाताला हलके लागते, वरून कोरडे दिसते, आणि तरीही त्याचे सगळे आखडणे अजून व्हावयाचे असते. 'हलके आहे, म्हणजे सुके आहे' या समजुतीने आम्ही फसलो ते असे.

हे आखडणे सर्व बाजूंनी सारखे झाले असते, तर फारसे बिघडले नसते. परंतु लाकूड लांबीत जवळजवळ आखडतच नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडे आखडते, आणि वर्षवलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट आखडते. त्यामुळे ओंडक्याच्या कडेची सरळ कापलेली फळी सुकताना पन्हळीसारखी वाकते. फळीच्या टोकाशी पाहिले तर वलयांच्या कमानी दिसतात. फळी सुकताना जणू त्या कमानी सरळ होऊ पाहतात. ओंडक्याच्या मध्यातून कापलेल्या फळीत वलये टोकाला जवळजवळ उभी दिसतात. अशी फळी कमी आखडते आणि सपाट राहते. साग हा या बाबतीत गुणी आहे, तरीदेखील ओल्या सागाची एक फूट रुंदीची कडेची फळी घरच्या हवेत सुकेपर्यंत पाव ते अर्धा इंच आखडू शकते. इतर बहुतेक लाकडे याहून अधिक आखडतात. एवढी फट दाराला पडली तर त्या दाराचा उपयोग तो काय?

आता वासे का फिरतात ते पाहू. काही झाडांचे तंतू बुंध्यात सरळ उभे न जाता दोरीच्या पिळासारखे वळत वर चढलेले असतात. अशा झाडाच्या सालीवरच्या रेषाही तिरक्या असतात. हे लाकूड सुकले की तो पीळ घट्ट होतो आणि वासा अंगाभोवती फिरतो. शिवाय वासा बहुधा कोवळ्या, बारीक झाडाचा असतो. त्याच्या मधोमध झाडाचा मऊ गर येतो आणि भोवतालचे लाकूडही बाल्यावस्थेतले असते. ते चिरते, वाकते, फिरते. अशा लाकडाला छपरावर चढवून वर कौलांचे ओझे ठेवले आणि मग ते सुकू दिले, तर दोष लाकडाचा म्हणता येणार नाही.

गाभा आणि पांढरा भाग

ओंडक्याचे तोंड पाहिले तर मध्ये गडद आणि बाहेर, सालीच्या आत, फिकट असे दोन भाग दिसतात. फिकट भागाला शास्त्रात रसकाष्ठ म्हणतात. झाड जिवंत असताना त्यातूनच पाणी वर चढते आणि त्यातच अन्न, म्हणजे पिष्ट, साठवलेले असते. झाड जून होत जाते तसे आतले रसकाष्ठ निकामी होऊन त्यात निरनिराळी द्रव्ये साचतात. तो गडद गाभा. सागाला वाळवी सहसा लागत नाही असे आपण म्हणतो, ते या गाभ्याबद्दल खरे आहे. गाभ्यातील तेलकट आणि कडू द्रव्ये वाळवीला आणि बुरशीला मानवत नाहीत. परंतु सागाच्याच पांढऱ्या भागात हे संरक्षण नसते. उलट पिष्ट असल्यामुळे भुसा पाडणारा बारीक भुंगा तेथे हमखास शिरतो. आमच्या चौकटीच्या पायाशी जे पीठ पडत होते, ते पांढऱ्या भागातूनच येत होते. एक इंच आत, गाभ्याला, एकही भोक नव्हते. म्हणजे वखारवाल्याने 'साग' म्हणून दिले ते सागच होते. तो शब्द खरा होता, आणि आम्ही तेवढ्यावरच थांबलो होतो.

यावरून एक नियम निघतो. नुसते 'सागवान आहे का?' असे विचारू नये. 'गाभ्याचे आहे का, आणि पांढरे किती आहे?' असे विचारावे. कमी वयाच्या, लागवडीच्या झाडात पांढऱ्या भागाचे प्रमाण जास्त असते. झटपट वाढलेला साग ताकदीला कमीच असतो, असे मात्र समजू नये. सागाच्या बाबतीत रुंद वलये म्हणजे दुबळे लाकूड असे समीकरण नाही. उणीव असते ती गाभ्याच्या प्रमाणात आणि टिकाऊपणात.

पूर्वीच्या लोकांना पिष्ट वगैरे शब्द ठाऊक नव्हते, पण उपाय ठाऊक होते. ओंडके तळ्यात किंवा खाजणात काही महिने बुडवून ठेवण्याची रीत कोकणात होती. त्याने पिष्ट धुऊन जाते आणि भुंग्याला खाद्य उरत नाही. ब्रह्मदेशात तर साग तोडण्याआधी दोन-तीन वर्षे बुंध्याभोवती खोल खाच पाडून झाड उभ्याउभ्याच वाळवीत. कारण ओला साग पाण्यात बुडतो, आणि ओंडके नदीतून वाहून आणावयाचे असत. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'वनसंप्रवेश' नावाचा अध्याय आहे. देवमूर्तीसाठी लाकूड आणण्याकरिता वनात कसे जावे, हे त्यात सांगितले आहे. वेलींनी आवळलेले, वीज पडलेले, वाऱ्याने मोडलेले, आपोआप पडलेले, जळलेले, मधमाश्यांनी घर केलेले झाड घेऊ नये, असे तो सांगतो. यात शुभाशुभाचा भाग आहेच. परंतु वेलींनी आवळलेले झाड वाकडे वाढते, विजेने तंतू फाटतात, आपोआप पडलेले झाड बहुधा आतून कुजलेले असते आणि मधमाश्या पोकळ बुंध्यात घर करतात, हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या यादीत एखाद्या मुरलेल्या सुताराचा अनुभव दडला आहे असे वाटते.

कोणत्या कामाला कोणते लाकूड

सागाचा दबदबा उगाच नाही. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला १०० मानून इतरांचे गुण ठरवले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८१७ साली मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला, म्हणजे बल्लारशा आणि आलापल्लीचा, साग त्याच्या रंगासाठी आणि रेषांसाठी नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली तेथूनच लाकूड गेले.

परंतु प्रत्येक कामाला सागच हवा, हा आग्रह खिशालाही परवडत नाही आणि जंगलालाही. आपल्या जुन्या घरांत नीट पाहिले, तर एकाच घरात चार-पाच जातींची लाकडे आढळतील. खांब-तुळयांना ऐन किंवा किंजळ वापरलेला असतो. ऐन सागापेक्षा चांगलाच जड आणि ताकदीचा असतो; गोव्यात त्याला माट्टी म्हणतात आणि तोच तेथील राज्यवृक्ष आहे. मात्र तो सुकताना चिरतो, म्हणून दाराच्या बारीक कामाला तो घेत नाहीत. कोकणात दारे, देव्हारे, पाट यांसाठी फणस वापरतात. ताजा कापलेला फणस पिवळाधमक दिसतो आणि वर्षानुवर्षे तांबूस-तपकिरी होत जातो. त्याचा गाभा वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही. शिवण हलकी, पण सुकल्यावर आकार न सोडणारी, म्हणून ती झडपांच्या फळ्यांना चांगली. बाभूळ चिवट, बैलगाडी, नांगर आणि अवजारांचे दांडे तिचे. जांभूळ पाण्यात टिकते. शिसव म्हणजे श्रीमंती. ती चौकटीत घालण्याचा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांपुढे येणार नाही.

आंबा सगळ्यात जवळ आणि स्वस्त मिळतो. स्लॅबच्या फळ्यांना, खोक्यांना, थोडे दिवस टिकावयाच्या कामाला तो ठीक. परंतु भुंगा आणि वाळवी या दोघांचाही तो लाडका आहे. परसातला आंबा पडला आणि त्याचे दार करावयाचे झाले, तर फळ्या ओल्या असतानाच बोरिक आम्ल आणि बोरॅक्स यांच्या द्रावणात बुडवून, मग झाकून ठेवाव्यात. द्रावण ओल्या लाकडात आत मुरते आणि भुंग्यापासून रक्षण होते. मात्र ही द्रव्ये पाण्याने धुऊन जातात, म्हणून असे लाकूड पावसात उघड्यावर वापरू नये.

हल्ली वखारीत 'आफ्रिकन साग' मोठ्या प्रमाणावर दिसतो. हे लाकूड बहुधा गुजरातमधील कांडला बंदरातून येते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून जुन्या 'बर्मा टीक'ची जागा आफ्रिकेतील आणि दक्षिण अमेरिकेतील लागवडीच्या सागाने पुष्कळ अंशी घेतली. तो खरोखरच साग असू शकतो. मात्र झाडे कमी वयाची असल्याने त्याचा पांढरा भाग आवर्जून पाहावा. पण याच नावाखाली काही वेळा सागाशी नाते नसलेली लाकडेही विकली जातात. नावापेक्षा फळीकडे पाहावे, हेच खरे.

वखारीत गेल्यावर

सुतारकाकांनी दुसऱ्या खेपेला मला बरोबर नेले. त्यांनी वखारीत काय केले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, ते सकाळी उन्हात गेले. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली सगळीच लाकडे सागासारखी दिसतात. दुसरी गोष्ट, त्यांनी दर विचारला नाही. आधी थप्पी पाहिली. फळ्या जमिनीपासून वर, सावलीत, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून रचल्या आहेत का? पट्ट्या असतील तर हवा खेळते आणि लाकूड सारखे सुकते. फळ्या एकमेकींना चिकटवून उन्हापावसात टाकल्या असतील, तर वरच्या चिरतात आणि खालच्या बुरसतात. जो माणूस लाकूड नीट रचतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ असतो.

तिसरी गोष्ट, फळी उचलून एक टोक डोळ्याशी धरले, दुसरा डोळा मिटला आणि धारेवरून नजर टाकली. वाक असेल तर तो अशाने लगेच दिसतो. पीळ पाहण्यासाठी फळी सपाट जागेवर ठेवली आणि चारही कोपरे दाबले. एखादा कोपरा डुगडुगला की फळी बाजूला.

चौथी गोष्ट, टोके पाहिली. भेगा नेहमी टोकांपासून सुरू होतात, कारण पाणी तेथून सर्वांत लवकर निघते. टोकाला रंग किंवा मेण लावलेले असले तर तेवढ्यावरून संशय घेऊ नये. सावकाश सुकावे म्हणून चांगले व्यापारीही ते लावतात. पण चिखल किंवा लांबी भरून भेग बुजवलेली असेल, तर ती पटाशीच्या टोकाने उकरून पाहावी. भेग किती आत गेली आहे तेवढी लांबी वाया, असे समजून हिशेब करावा.

पाचवी गोष्ट, गाठी. गाठ म्हणजे फांदीचे मूळ. गाठ भोवतालच्या लाकडाशी एकजीव आणि टणक असेल तर दाराच्या मध्यभागी ती शोभूनही दिसते. काळी कडा असलेली, हलणारी गाठ मात्र पुढे गळून पडते. तुळईच्या किंवा वाशाच्या खालच्या बाजूला, मध्यावर गाठ नको. कारण भार आला की ताण तेथेच सर्वांत जास्त पडतो.

सहावी गोष्ट, रंग. पांढऱ्या भागाला रंग किंवा तेल फासून तो गाभ्यासारखा दाखवण्याचा प्रकार सर्रास होतो. त्यावर उपाय सोपा. एका कोपऱ्यावर रंध्याचा एक हात मारू द्यावा, अशी विनंती करावी. रंध्याखालून निघालेले ताजे लाकूड खोटे बोलत नाही. सागाला ताज्या कापावर एक विशिष्ट, चामड्यासारखा वास येतो आणि बोट फिरवले की किंचित तेलकट लागते. रंधा मारू देण्यास जो स्पष्ट नकार देतो, त्याच्याकडून आपण निरोप घ्यावा.

सातवी आणि मुख्य गोष्ट, ओल. बोटाने ठोकले असता सुके लाकूड खणखणीत वाजते, ओले बद्द वाजते. पण ही कानाची परीक्षा अनुभवी माणसाची. आपल्यासारख्यांसाठी दोन मार्ग आहेत. एक, दोन सुया टोचून ओल दाखवणारे छोटे यंत्र. दुसरा मार्ग घरचा. फळीच्या टोकाकडून नव्हे, मधल्या भागातून एक तुकडा मागून घ्यावा आणि तो लगेच अचूक तराजूवर तोलावा. मग भट्टीत सुमारे शंभर अंश उष्णतेवर तो वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवून पुन्हा तोलावा. समजा, आधी तो ६० ग्रॅम होता आणि शेवटी ५० ग्रॅम भरला. उडालेले पाणी १० ग्रॅम. त्याला कोरड्या ५० ग्रॅमने भागले की २० टक्के ओल निघते. दारे-खिडक्यांच्या कामाला हा आकडा साधारण १२ च्या आसपास असावा. दमट किनारपट्टीवर दोन-चार टक्के अधिक चालतात, कारण तेथील हवेत लाकूड त्याहून सुकतच नाही. भारतीय मानक ब्युरोने देशाचे हवामानाप्रमाणे विभाग पाडून प्रत्येकासाठी अशा मर्यादा ठरवून दिल्या आहेत. नागपूरच्या उन्हात सुकलेले दार मुंबईत फुगते आणि मुंबईचे दार नागपुरात फटी दाखवते, त्याचे कारण हेच. म्हणून लाकूड आणल्यावर लगेच कापू नये. ज्या घरात ते राहावयाचे, त्या घरात ते काही आठवडे थप्पी लावून ठेवावे.

अगदी ओलेच लाकूड हाती आले तर? तर थांबावे. एक इंच जाडीला एक वर्ष, असा सुतारांचा ढोबळ ठोकताळा आहे. कोरड्या हवेत त्याहून कमी काळही पुरतो. घाईचे काम असेल, तर भट्टीत सुकवलेले लाकूड विचारावे. अनेक मोठ्या वखारींत ते मिळते.

मोजमाप

लाकूड घनफुटावर विकले जाते, आणि फसवणुकीची दुसरी जागा येथे आहे. कापीव लाकडाचा हिशेब असा: रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागावे. समजा, दाराच्या चौकटीला ५ इंच × २॥ इंच मापाचे लाकूड हवे. सात-सात फुटांचे दोन उभे आणि साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन आडवे, उंबरठा धरून. एकूण २१ फूट. ५ × २॥ × २१ = २६२॥; भागिले १४४, म्हणजे १.८२ घनफूट. आता प्रत्यक्षात तेच लाकूड ४॥। इंच × २। इंच भरले, तर ते होते १.५६ घनफूट. पाव पाव इंचाच्या फरकाने पाव घनफुटाहून अधिक, म्हणजे सातवा हिस्सा लाकूड गेले, आणि पैसे मात्र पूर्ण मापाचे दिले! करवतीची घट सर्वत्र असते. परंतु ती कोणाच्या खात्यावर धरायची, हे आधीच बोलून घ्यावे. बरोबर फूटपट्टी न्यावी आणि ती न लाजता वापरावी.

ओंडक्याच्या मोजणीची रीत वेगळी. घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो. भूमितीप्रमाणे त्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. हा फरक कापताना जाणाऱ्या सालीपाटांसाठी सोडलेला असतो. म्हणून ओंडक्याचा दर आणि कापीव लाकडाचा दर यांची सरळ तुलना करू नये.

जुने लाकूड आणि कागद

जुन्या वाड्यांचे लाकूड हा एक वेगळाच खजिना आहे. पुण्याच्या पेठांतले वाडे पडू लागले, तसे त्यांचे खांब, तुळया आणि दारे बाजारात आली. या लाकडाचे आखडणे-फुगणे केव्हाच होऊन गेलेले असते आणि त्यात पांढरा भाग असला, तर तो बहुधा आधीच खाल्ला जाऊन संपलेला असतो. आमच्या दुसऱ्या चौकटीसाठी सुतारकाकांनी शेवटी जुन्या लाकडाचीच तुळई निवडली. पण येथेही डोळे उघडे हवेत. भिंतीत गाडलेली टोके कुजलेली असतात. ती पटाशीने टोचून पाहावी. लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात, त्यांनी करवतीचे पाते जाते; म्हणून लोहचुंबक फिरवून घ्यावा. पातळ आवाज आला तर आत वाळवीने पोकळ केलेले असू शकते. आणि एक गोष्ट मनाला लावून घ्यावी: कोरीव सुरुदार खांब किंवा नक्षीची गणेशपट्टी हाती आली, तर ती कापून स्टूल करू नये. ज्या हातांनी ती कोरली, ते हात आता मिळावयाचे नाहीत.

कागदाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे साग, खैर यांसारखी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या जमिनीतली असली, तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जंगलातून निघालेल्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो आणि त्याच्याबरोबर वाहतुकीचा परवाना असतो. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जंगलतोड आणि करवत-गिरण्या यांवरील देखरेख अधिक कडक झाली. नागपूरला मुख्यालय असलेले महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ पासून काम करीत आहे. त्याच्या आगारांतील लाकडाचा लिलाव होतो. आपण एका दाराकरिता लिलावाला जाणार नाही हे खरे; पण वखारीत पक्की पावती मागणे आपल्या हाती आहे. 'पावती नको, दर कमी लावतो' असे कोणी म्हटले, तर ते लाकूड कोठून आले असेल, याचा विचार करावा. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण लाकडाबद्दल आहे. पण पावती न मागणारा गिऱ्हाईकही त्या दांड्यासारखाच होतो.

आमची नवी चौकट बसून आता एक पावसाळा आणि एक उन्हाळा झाला आहे. दार अडकत नाही आणि फटही पडलेली नाही. वाशांसाठी मात्र आम्ही थांबलो आहोत. ऐनाचे वासे मागच्या पडवीतच, पट्ट्यांवर रचून, टोकांना रंग लावून सुकत ठेवले आहेत. आजी रोज तिकडे पाहते आणि विचारते, "कधी चढवणार रे?" सुतारकाका येऊन एखादा वासा ठोकून ऐकतात आणि म्हणतात, "अजून नाही, आजी."

सागाचे चांगले झाड तोडीस यावयाला साठ-ऐंशी वर्षे लागतात. म्हणजे आपण ज्या दारातून आज ये-जा करतो, त्याचे झाड आपल्या आजोबांच्याही आधी कोणी तरी राखले होते, निदान तोडले नव्हते. एवढ्या वर्षांनी तयार झालेली वस्तू आपल्या घाईने दोन वर्षांत वाया घालवणे, हा पैशाचा अपव्यय तर खराच; पण त्याहून अधिक असे काही तरी त्यात आहे. वासे फिरले म्हणून त्यांना नावे ठेवण्यापूर्वी, आपण त्यांना सुकायला वेळ दिला होता का, हे आपण स्वतःला विचारलेले बरे.